‘टाइम’चं स्पॅनिश दर रिलीजला परत बिघडतंय? माझ्याकडे शेवटी कशाने थांबलं ते सांगते

प्रॉब्लेम असा आहे. ॲपमध्ये ‘टाइम’ हा इंग्लिश शब्द पाच-सहा ठिकाणी येतो, तुम्ही तो स्पॅनिशमध्ये नीट करून देता, सगळं तपासून होतं, आणि पुढच्या रिलीजला तीच स्क्रीन उघडली की जिथे ‘ओरा’ (घड्याळातली वेळ) हवं तिथे परत ‘तिएंपो’ (कालावधी) येऊन बसलेलं असतं. परत दुरुस्त करा, परत तेच. माझ्याकडे हे सलग तीन रिलीजला झालं आणि तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी ठरवलं की आता शब्द दुरुस्त करायचा नाही, तो कुठून बिघडतोय ते शोधायचं. इथे लिहितेय कारण आपल्याकडे पुण्या-मुंबईत इंग्लिश-स्पॅनिश करणारे आता बरेच जण आहेत आणि ‘टाइम’ सगळ्यांनाच छळतो.

आधी नेमकं काय दिसत होतं ते सांगते. ॲप औषधांची आठवण करून देणारं होतं. एका गोळीची स्क्रीन घ्या: वर गोळीचं नाव आणि खाली चार ओळी. ‘टाइम’, पुढे ८:००. ‘टाइम्स अ डे’, पुढे ३. ‘लास्ट टाइम’, पुढे काल. ‘टाइम लेफ्ट’, पुढे २ तास. इंग्लिशमध्ये चारही ओळींत टाइम आहे आणि वाचणाऱ्याला कुठेच अडत नाही.

पहिल्या रिलीजला माझ्याकडे स्क्रीन आलीच नव्हती, एक्सेल आली होती, तीही ए टू झेड लावलेली आणि डुप्लिकेट काढलेली, म्हणजे ‘टाइम’ ही एकच ओळ. मी विचारलं की हे कुठे येतं, उत्तर आलं नाही, डेडलाइन होती, मी ‘तिएंपो’ लिहिलं. शब्द एकटा असला की बहुतेक जण हेच लिहितील, मशीनला दिला तर तीही बहुधा हेच देईल. आणि चारही ओळींतला टाइम त्या एकाच ओळीवरून भरला जात होता, त्यामुळे चारही ठिकाणी तिएंपो गेलं. ८:०० च्या आधी तिएंपो म्हणजे स्पेनमधल्या माणसाला आधी हवामान आठवणार, कारण तिथे रोजच्या बोलण्यात हवेलाही तिएंपोच म्हणतात (मेक्सिकोकडे हवेला ‘क्लिमा’ जास्त चालतं). ते तरी एक वेळ चालून गेलं असतं. पण ‘टाइम्स अ डे’चं झालं होतं ‘त्रेस तिएंपोस आल दिया’ आणि आमची ग्वाटेमालाची रिव्ह्यूअर ते वाचून म्हणाली, हे जेवणाबरोबर घ्यायचं औषध आहे का? तिच्याकडे ‘लोस त्रेस तिएंपोस’ म्हणजे दिवसाची तीन जेवणं. मध्य अमेरिकेत हा रोजचा शब्द आहे. उपाशीपोटी घ्यायची गोळी असेल तर त्या एका शब्दाने सूचना थेट उलटी झाली असती. हे ऐकून माझी झोप उडाली होती, खरंच.

मी कळवलं की ८:०० च्या ओळीत ओरा करा. दुसऱ्या रिलीजला त्यांच्याकडच्या कुणीतरी फाइंड अँड रिप्लेस मारलं आणि सगळीकडे ओरा केलं. पहिली ओळ बरोबर झाली आणि बाकीच्या तिन्ही आधीपेक्षा वाईट झाल्या. ‘त्रेस ओरास आल दिया’ म्हणजे दिवसाला तीन तास, कारण स्पॅनिशमध्ये ओरा म्हणजे घड्याळातली वेळही आणि तासही. ‘लास्ट टाइम’चं झालं ‘उल्तिमा ओरा’. स्पॅनिश पेपर किंवा न्यूज चॅनेल बघितलं असेल तर माहीत असेल, उल्तिमा ओरा म्हणजे ब्रेकिंग न्यूज. आजारी माणूस मागचा डोस कधी घेतला ते बघायला फोन उघडतो आणि तिथे ब्रेकिंग न्यूज, काल.

मग मी चारही ओळी स्वतः बसून एकेक नीट केल्या, फाइल पाठवली, आणि तिसऱ्या रिलीजला सगळं परत तिएंपो. इथे कळलं की हा भाषेचा प्रॉब्लेम अर्धाच आहे, उरलेला अर्धा पाइपलाइनचा आहे, म्हणजे फाइल ज्या वाटेने ॲपपर्यंत पोचते तिचा. दोन्ही अर्धे सांगते, आधी भाषेचा, कारण तो आपल्याला मराठीमुळे फार सोपा जातो आणि ही गोष्ट मला कुठल्याही क्लासमध्ये कुणी सांगितली नव्हती.

मराठीत ‘वेळ’ दोन आहेत. तो वेळ आणि ती वेळ. ‘माझा वेळ गेला’, ‘बराच वेळ लागला’, ‘थोडा वेळ थांब’, हा तो वेळ, म्हणजे कालावधी, मोजायचा, घालवायचा, वाया जाणारा. ‘जेवायची वेळ झाली’, ‘गाडीची वेळ काय’, ‘त्याची वेळ आली होती’, ही ती वेळ, म्हणजे ठरलेला क्षण. आणि तिसरं ‘वेळा’: तीन वेळा सांगितलं, चार वेळा फोन केला. आपण हे लहानपणापासून बोलतो, एकदाही चुकत नाही, आणि म्हणून कधी लक्षातही येत नाही की आपण तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवतोय. आता स्पॅनिश बघा. तो वेळ म्हणजे तिएंपो, पुल्लिंगी. ती वेळ म्हणजे ला ओरा, स्त्रीलिंगी. वेळा म्हणजे ला बेस, अनेकवचन बेसेस, तेही स्त्रीलिंगी. लिंगसुद्धा जुळतं! हा निव्वळ योगायोग आहे, दोन्ही भाषांचा इथे काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला याहून चांगली खूण मला आजवर मिळालेली नाही. ‘त्याची वेळ आली’ हे आपण मरणाबद्दल म्हणतो ना, स्पॅनिशमध्ये ‘ले येगो ला ओरा’ अगदी त्याच अर्थाने म्हणतात.

म्हणून मी आता काय करते, इंग्लिश ‘टाइम’ दिसला की थेट स्पॅनिशकडे जात नाही, आधी मनात मराठीत प्रश्न विचारते. या ओळीतला टाइम कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? ‘किती वाजता’ असेल तर ओरा. ‘किती वेळ’ असेल तर तिएंपो. ‘कितीदा’ असेल तर बेस. स्पॅनिशमधले प्रश्नही असेच बसतात, आ के ओरा, कुआन्तो तिएंपो, कुआन्तास बेसेस, म्हणजे प्रश्नाच्या पोटातच उत्तराचा शब्द आहे. वरच्या चार ओळी यातून काढल्या तर ८:०० ला ओरा, दिवसाला ३ ला बेसेस, २ तास उरले त्याला तिएंपो रेस्तान्ते. एक सेकंदही लागत नाही. ‘लास्ट टाइम’ला ‘ला उल्तिमा बेस’ व्याकरणात बरोबर आहे पण मी तो ठेवला नाही, तिथे ‘उल्तिमा तोमा’ केलं. तोमा म्हणजे एकदा औषध घेणं, आपण जसं ‘गोळी घेतली’ म्हणतो तसंच तिथे तोमार. टाइम या शब्दाचं चांगलं स्पॅनिश बरेचदा असं असतं की त्यात वेळेचा शब्दच नसतो, आणि ते लिहायला घाबरू नये. ज्या देशांत तोमा कमी चालेल असं वाटतं तिथे ‘दोसिस’ सगळीकडे कळतं.

आता ही चाळणी कुठे गळते तेही सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही विश्वासाने वापराल आणि फसाल. ‘ऑन टाइम’ घ्या. मराठीत ‘वेळेवर’, ही ती वेळ आहे, म्हणजे नियमाने ओरा यायला हवं. पण स्पॅनिश म्हणतं ‘आ तिएंपो’. गोळी वेळेवर घेतली असं दाखवायचं असेल तर आ तिएंपोच लिहायचं. दुसरं, ‘टू ॲट अ टाइम’, एका वेळी दोन, इथे बेस येतो, ‘दोस आ ला बेस’. तिसरं म्हणजे पट. ‘थ्री टाइम्स फास्टर’ला आपण तिप्पट म्हणतो, वेळेचा काही संबंधच नाही, पण स्पॅनिश तिथेही ‘त्रेस बेसेस मास रापिदो’ म्हणतं. आणि पाढ्यातला टाइम्स, तीन चोक बारा, तो ‘त्रेस पोर कुआत्रो’, तिथे बेस नाही. दुकानाचे ओपनिंग टाइम्स म्हणजे ‘ओरारियो’, एकवचनात. टाइम झोन म्हणजे ‘सोना ओरारिया’. सर्व्हर टाइमआउट झाला तर तिएंपो, कारण तिथे थांबण्याचा कालावधी संपलाय. व्याकरणातला काळ, म्हणजे भूतकाळ-वर्तमानकाळ, तोही तिएंपो, आणि फुटबॉलचा हाफसुद्धा, ‘प्रिमेर तिएंपो’. ही यादी मी पाठ केली नाही, चुकत चुकत जमली, तुम्हीही तुमची जमवा.

एक मोठा खड्डा वेगळा सांगते. इंग्लिशमध्ये टाइम आणि अवर वेगळे, स्पॅनिशमध्ये ओरा एकच. म्हणून ज्या स्क्रीनवर ‘टाइम’ आणि ‘अवर्स’ शेजारी शेजारी आहेत तिथे दोन्ही ओरा आणि ओरास झाले तर वाचणारा गोंधळतो, ‘ओरा: २ ओरास’ असलं काहीतरी दिसतं. अशा ठिकाणी आकडा कालावधी आहे की घड्याळ हे डेव्हलपरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

हे झालं शब्दाचं. पण शब्द बरोबर कळूनही तिसऱ्या रिलीजला माझी फाइल मागे गेली होती ना, ती का गेली? तर ट्रान्सलेशन मेमरीमुळे, म्हणजे भाषांतराच्या टूलमध्ये आधीची भाषांतरं जिथे साठवलेली असतात त्या साठ्यामुळे. मी फाइल दुरुस्त केली होती, मेमरी नाही. पुढच्या रिलीजला क्लायंटने इंग्लिश फाइल नव्याने टाकली, टूलने ‘टाइम’ बघितला, मेमरीत ‘टाइम = तिएंपो’ शंभर टक्के मॅच सापडला, आपोआप भरला, कन्फर्म केला आणि लॉक केला. शंभर टक्के मॅचला पैसे कमी मिळतात किंवा मिळतच नाहीत, त्यामुळे त्या ओळी कुणी उघडून बघत नाही. चूक एकदा मेमरीत गेली की तिला कुणी विचारत नाही, ती प्रत्येक रिलीजला तयार होऊन येते. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं, कारण तोवर मला वाटत होतं माझी फाइलच कुणी वापरत नाहीये.

त्यामुळे पहिलं काम मेमरीचं. सोर्समध्ये, म्हणजे मूळ इंग्लिशमध्ये, एकटा ‘टाइम’ असलेल्या सगळ्या एंट्र्या शोधा, ‘टाइम्स’ आणि ‘लास्ट टाइम’ पण, आणि ज्यांना काहीच संदर्भ नाही त्या काढून टाका. दुरुस्त करून ठेवू नका, काढाच, कारण एकट्या टाइमचं बरोबर स्पॅनिश अस्तित्वातच नाही. मग सेटिंगमध्ये बघा, बऱ्याच टूलमध्ये साधा शंभर टक्के मॅच आणि संदर्भासकटचा मॅच हे वेगळे असतात, दुसऱ्याला कुठे १०१ टक्के म्हणतात, कुठे इन-कॉन्टेक्स्ट मॅच. आपोआप कन्फर्म फक्त दुसऱ्यालाच होऊ द्या. एका-दोन शब्दांच्या ओळी तर नेहमी माणसाच्या डोळ्याखालून जायलाच हव्यात, मग त्याचे पैसे मिळोत न मिळोत, मी आता कोटेशनमध्ये त्या वेगळ्या धरते आणि कारण लिहून देते, आजवर कुणी नाही म्हणालेलं नाही.

दुसरं काम त्याहून मुळातलं, डेव्हलपरकडचं. चार ठिकाणचा ‘टाइम’ ही चार वेगळी वाक्यं आहेत, इंग्लिशमध्ये योगायोगाने सारखी दिसतात एवढंच. म्हणून ‘की’ (key, कोडमध्ये प्रत्येक मजकुराला दिलेलं नाव) चार पाहिजेत. अँड्रॉइडच्या स्ट्रिंग्स फाइलमध्ये प्रत्येक स्ट्रिंगला, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या मजकुराच्या तुकड्याला, नाव असतं, तिथे नुसतं ‘टाइम’ नाव न ठेवता ‘डोसची वेळ’, ‘उरलेला वेळ’, ‘रोज किती वेळा’ अशा अर्थाची चार नावं ठेवली की झालं, इंग्लिश मजकूर चारहीत आहे तोच राहू दे, काही बिघडत नाही. गेटटेक्स्टवर (सॉफ्टवेअरच्या भाषांतरासाठीची एक व्यवस्था) चालणारं सॉफ्टवेअर असेल तर तिथे मूळ इंग्लिश मजकूरच चावी असतो, म्हणून दोन ‘टाइम’ एकमेकांवर आदळतात, आणि त्यासाठीच गेटटेक्स्टमध्ये मेसेज कॉन्टेक्स्ट नावाची सोय आहे: मजकूर सारखा पण कॉन्टेक्स्ट वेगळा असेल तर त्या दोन वेगळ्या एंट्र्या धरल्या जातात. ही सोय असतेच, वापरत नाहीत. मी डेव्हलपरला हे समजावताना ‘टाइम’चं उदाहरण देत नाही, कारण इंग्लिश डोक्यात असलं की त्यांना दोन टाइम वेगळे वाटतच नाहीत. मराठी डेव्हलपर असेल तर मी फक्त विचारते, अहो ‘माझा वेळ झाली’ म्हणाल का? लगेच पटतं.

आणि ती डुप्लिकेट काढायची सवय. शब्दाला रेट असतो म्हणून क्लायंट डुप्लिकेट काढून पाठवतो, पैसे वाचतात असं त्यांना वाटतं. ए टू झेड सॉर्ट केलं की शेजारच्या ओळीवरून मिळाला असता तो संदर्भही जातो. मी आता लिहून मागते: ओळी ॲपमध्ये ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने पाठवा, डुप्लिकेट काढू नका, हवं तर सारख्या ओळींचा रेट मी कमी लावते. स्क्रीनशॉट सगळ्यांचे मिळत नाहीत, ते मान्य आहे. एका-दोन शब्दांच्या ओळींचे तरी द्या म्हणते.

की वेगळ्या केल्यावरही दोन गोष्टी राहतात, त्याही याच शब्दाच्या नात्यातल्या आहेत.

पहिली, वाक्यात घड्याळाची वेळ घालणं. ‘टेक ॲट’ आणि पुढे जागा सोडलेली, तिथे ॲप वेळ भरतं. स्पॅनिशमध्ये एक वाजता म्हणजे ‘आ ला उना’ आणि दोन वाजता म्हणजे ‘आ लास दोस’. एकला एकवचन, बाकी सगळ्यांना अनेकवचन. आपल्याला यात नवल वाटायला नको, आपण पण ‘एक वाजला’ आणि ‘तीन वाजले’ म्हणतोच. पण ॲपचा साचा एकच असतो, त्यामुळे कुठेतरी ‘आ लास १:३०’ येतंच. स्पॅनिश सॉफ्टवेअरमध्ये ‘आ ला’च्या पुढे कंसात स लिहिलेला बघितला असेल तर तो याच अडचणीतून आलाय. मला तो कंस आवडत नाही, विशेषतः म्हातारी माणसं वाचणार असतील तिथे. त्यापेक्षा वाक्यच मोडते, ‘ओरा’ असं लेबल आणि पुढे आकडा, मधलं आ ला काहीच नको. वाक्यच पाहिजे असा हट्ट असेल तर डेव्हलपरला तासाच्या आकड्यावरून दोन साचे करायला सांगा, आणि चोवीस तासांच्या घड्याळात दुपारचा एक म्हणजे १३, तो अनेकवचनात जातो, हे त्याला आवर्जून सांगा, नाहीतर टेस्टिंगमध्ये परत घोळ होतो.

दुसरी, अनेकवचन. बेसचं स्पेलिंग झेडने संपतं आणि अनेकवचनात तो झेड जाऊन सी येतो, मग ई-एस. कोडमध्ये कुणी शब्दाला नुसता एस चिकटवला असेल, इंग्लिशच्या सवयीने, तर जे छापलं जाईल तो शब्दच नाही. प्लुरलसाठी वेगळ्या ओळी असतातच, त्या भरून घ्या, एकदा ‘उना बेस’, अनेकदा ‘बेसेस’.

यावरून आणखी एक आठवलं आणि ते मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. ‘एकदा’ला इंग्लिश ‘वन्स’. त्याचं स्पेलिंग ओ, एन, सी, ई. स्पॅनिशमध्ये अगदी याच चार अक्षरांचा शब्द आहे, उच्चार ‘ओन्से’, अर्थ अकरा. म्हणजे ‘वन्स अ डे’चं अर्धवट भाषांतर होऊन पहिला शब्द तसाच राहिला तर स्पॅनिश वाचणाऱ्याला तिथे दिवसाला अकरा दिसतं. हे कल्पनेतलं नाही. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या औषध दुकानांचा एक अभ्यास २०१० मध्ये पीडियाट्रिक्स या जर्नलमध्ये आला होता, कॉम्प्युटर प्रोग्रॅमने स्पॅनिशमध्ये काढलेली औषधांची लेबलं त्यांनी तपासली आणि त्यातल्या निम्म्या लेबलांमध्ये चुका निघाल्या, ‘वन्स’ तसाच राहून अकरा वाचला जाण्याचा धोकाही त्यात नोंदवलेला आहे. ब्राँक्समध्ये स्पॅनिश बोलणारी वस्ती किती मोठी आहे ते माहीत असेल तर याचं गांभीर्य कळेल.

आणि यात तांत्रिक मेख अशी की स्पेलचेकर हे पकडत नाही. ओन्से हा शुद्ध स्पॅनिश शब्द आहे, त्याच्याखाली लाल रेघ येणार कशी? ‘टाइम’चंही तेच आहे. इंग्लिश स्पेलिंग तसंच राहिलं तर स्पॅनिश त्याला ‘तिमे’ वाचेल आणि ते ‘तिमार’ म्हणजे फसवणे या क्रियापदाचं व्यवस्थित रूप आहे, म्हणून तिथेही रेघ नाही. ‘कम’चं स्पेलिंग स्पॅनिशमध्ये ‘कोमे’, खातो. ‘रेड’ म्हणजे जाळं किंवा नेटवर्क. ‘सन’ची एस-ओ-एन ही अक्षरं म्हणजे ‘आहेत’. ‘डाइस’ म्हणजे ‘दिसे’, म्हणतो. त्यामुळे मी स्पेलचेक झाल्यावर एक वेगळी तपासणी करते: सोर्स आणि टार्गेट (म्हणजे स्पॅनिश) अगदी सारखे असलेल्या ओळी फिल्टर करून बघते, आणि त्यानंतर टार्गेटमध्ये ओ-एन-सी-ई शोधते, जितक्या सापडतील त्यातली प्रत्येक डोळ्याने. औषधाच्या कामात मी ‘ओन्से’ अक्षरात लिहीतच नाही, अकरा पाहिजे असेल तर आकडा ११, आणि एकदा पाहिजे असेल तर ‘उना बेस’, किंवा ‘१ बेस’. मग तपासणी सोपी होते, त्या चार अक्षरांचा सुटा शब्द टार्गेटमध्ये दिसला की चूकच.

टाइम जमला की बाकीच्या शब्दांना हीच मराठीची चाळणी लावून बघा. ‘फ्री’ बघा: फुकट म्हणजे ‘ग्रातिस’, मोकळी जागा किंवा मोकळा वेळ म्हणजे ‘लिब्रे’, जागा मोकळी करा म्हणजे ‘लिबेरार’, बिनसाखरेचं म्हणजे ‘सिन आसुकार’. मराठीत फुकट, मोकळा आणि बिन कधी एकमेकांत मिसळतात का? नाही, मग स्पॅनिशमध्येही मिसळू देऊ नका. इंग्लिशमध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हटलं की स्वातंत्र्य की फुकट हे दरवेळी समजावून सांगावं लागतं, स्पॅनिशमध्ये ‘सॉफ्टवेअर लिब्रे’ म्हटल्यावर प्रश्नच येत नाही. ‘नो’, म्हणजे जाणणे, त्याचंही तसंच. मला माहीत आहे आणि मला पोहता येतं, दोन्हीला ‘साबेर’. मी त्याला ओळखते, तिथे ‘कोनोसेर’. इथे मराठी तीन भाग करते आणि स्पॅनिश दोन, पण ओळखणे वेगळं काढलं की काम झालं. उलट ‘कॉर्नर’ला ही चाळणी उपयोगाची नाही, आपला कोपरा खोलीचाही आणि रस्त्याचाही, स्पॅनिशमध्ये खोलीच्या आतला ‘रिन्कोन’ आणि रस्त्यावरचा ‘एस्किना’. तिथे मी कोपरा सोडून नाका म्हणून बघते. नाक्यावर म्हणता आलं तर एस्किना.

ग्लॉसरी, म्हणजे शब्दांची यादी, बनवताना मी आता तीन कॉलम ठेवते, इंग्लिश, मराठी प्रश्न, स्पॅनिश. मधला कॉलम क्लायंटला पाठवत नाही, त्यांना इंग्लिशमध्ये अर्थ लिहून देते, पण माझ्यासाठी तोच कामाचा आहे. सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी ‘कितीदा’ हा एक शब्द वाचून मला सगळं आठवतं.

आता क्लायंट की वेगळ्या करायला तयारच नसेल तर? असे भेटतात, जुना कोड असतो, डेव्हलपर सोडून गेलेला असतो. तेव्हा मी त्यांना एक ओळीचा प्रश्न पाठवते: ही स्ट्रिंग जिथे जिथे दिसते तिथे तिच्यापुढे कुठला आकडा येतो, घड्याळाचा, कालावधीचा की मोजणीचा? उत्तरात एकच प्रकार आला तर तो शब्द टाकायचा. दोन प्रकार आले तर ‘ओरा’ किंवा ‘तिएंपो’ यातला कुठलाही न टाकता लेबलच काढायला सांगते, ८:०० ला स्वतःची ओळख असते आणि ‘२ तास १० मि.’लाही असते, त्यांच्यापुढे शब्द नसला तरी वाचणाऱ्याला कळतं. मोजणीच्या ३ ला मात्र नसते, तो एकटा उभा राहिला तर तीन काय तेच कळत नाही. त्यामुळे त्या एका ओळीसाठी तरी वेगळी की द्याच म्हणून मी अडून बसते, आणि आजवर कितीही जुना कोड असला तरी एक की वाढवणं कुणाला जमलं नाही असं झालेलं नाही.